कुरणाचा राखणदार आणि वजूचे पाणी

पदवीच्या कोणत्याही शाखेला प्रवेश घ्या, वाणिज्य असो की संगणक, पर्यावरणाचा एक पेपर द्यावाच लागतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर तसा आदेश दिला होता. अंमलबजावणीविना एक तप उलटले. २००३ मध्ये न्यायालयाने पुन्हा कान टोचल्यावर विद्यापीठ अनुदान आयोगाने सहा महिन्यांचा अभ्यासक्रम सर्व शाखांना सक्तीचा केला. या पेपरात ‘निसर्गाकडे पाहण्याचा दृष्टिकोन’ हा प्रश्न हमखास येतो. मुले मानवकेंद्री आणि निसर्गकेंद्री अशी विभागणी करतात, शेवटी ‘मनुष्य निसर्गाचा मालक नसून त्याचाच एक भाग आहे’ असे लिहितात आणि मार्क घेऊन मोकळी होतात. या प्रश्नात सहसा कोणी नापास होत नाही. एप्रिल-मे महिन्यात टँकरमागे हंडे घेऊन धावणाऱ्यांत यातलीच काही मुले असतात, आणि पहिल्याच मजल्यावर मोटार लावून सगळ्या वाड्याचे पाणी ओढून घेणाऱ्या घरांतही यातलीच काही असतात. उत्तर मात्र दोघांचेही तेच असते.

दृष्टिकोनाची ही चर्चा तशी जुनी आहे. १९६७ मध्ये लिन व्हाइट या अमेरिकन इतिहासकाराने ‘सायन्स’ नियतकालिकात एक निबंध लिहून खळबळ उडवली. पर्यावरणाच्या संकटाचे मूळ पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेने माणसाला सृष्टीचा धनी ठरवण्यात आहे, असा त्याचा रोख होता. त्याच सुमारास इराणी विचारवंत सय्यद हुसैन नस्र यांनी शिकागो विद्यापीठात व्याख्याने देऊन हाच प्रश्न इस्लामी परंपरेच्या अंगाने मांडला. ती व्याख्याने १९६८ मध्ये पुस्तकरूपाने आली. मग प्रत्येक धर्मातल्या अभ्यासकांनी आपापल्या ग्रंथांतून निसर्गप्रेमाची वचने शोधून काढली. ती सापडलीही. कुरआनात माणसाला ‘खलीफा’ म्हटले आहे, म्हणजे जमिनीचा कारभार सोपवलेला प्रतिनिधी. जमीन ही ‘अमानत’, म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव. हिंदू परंपरेत भूमी माता आहे, नद्या देवी आहेत. आणि इतकी वचने पाठ असलेल्या या देशात गोदावरी, मुसी आणि यमुनेची अवस्था काय आहे, हे नाशिक, हैदराबाद किंवा दिल्लीला जाऊन कोणीही पाहावे.

म्हणून रमजानमध्ये दरवर्षी सांगितली जाणारी एक हदीसही जरा थांबून ऐकायला हवी. वाहत्या नदीकाठी बसून वजू करत असलात तरी पाणी वाया घालवू नका, असा तिचा आशय. मिंबरवरून ती सांगितली जाते, लोक मान डोलावतात आणि खाली वजूखान्यात दहा तोट्या धो धो वाहत असतात. हदीस चुकीची नाही आणि ऐकणारेही बेईमान नाहीत. अडचण वेगळीच आहे. उपदेशाला माप नसले की तो हवेत विरतो.

गंमत म्हणजे परंपरेत माप आहे, फक्त ते फारसे सांगितले जात नाही. प्रेषित मुहम्मद (स.) एक ‘मुद’ पाण्यात वजू करत आणि एक ‘साअ’ ते पाच मुद पाण्यात अंघोळ करत, अशी नोंद बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही प्रमाण संग्रहांत आहे. मुद म्हणजे मध्यम माणसाची दोन्ही हातांची भरलेली ओंजळ. चार मुद मिळून एक साअ. आजच्या हिशेबात मुद पाऊण लिटरच्या आसपास भरतो, हनफी पंथाच्या मापाने थोडा अधिक. फार तर लिटरभर धरा. एवढ्यात हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंतचे हात आणि पाय, सगळे धुऊन होते. ज्यांनी आजोबांना बधन्याने, म्हणजे तोटीच्या लोट्याने, वजू करताना पाहिले आहे त्यांना हे खोटे वाटणार नाही. आता साधी तोटी मिनिटाला सहा लिटर सोडते असे धरू. एका वजूला पाच लिटर गेले तर माणशी चार लिटर जास्त. मोठ्या मशिदीत रमजानमध्ये दिवसभरात हजार वजू सहज होतात. म्हणजे रोज चार हजार लिटर आणि महिन्याला एक लाख वीस हजार. दहा हजार लिटरचे बारा टँकर. रोजेदाराने दिवसभर घोटभर पाण्याचा मोह आवरायचा आणि त्याच्याच मशिदीतून महिनाभरात बारा टँकर गटारात जायचे, असा हा हिशेब आहे.

यात माणसे बदलली असे म्हणण्यापेक्षा व्यवस्था बदलली असे म्हणणे जास्त खरे. जुन्या मशिदींत मध्यभागी हौद असे. हनफी फिकहमध्ये त्याचे मापही ठरलेले, ‘दह दर दह’, दहा हात लांब आणि दहा हात रुंद. काठावर बसून ओंजळीने पाणी घ्यायचे. पाणी डोळ्यांसमोर असे, उन्हाळ्यात ते पायरी-पायरीने उतरताना सगळ्या मोहल्ल्याला दिसे आणि कोणाला काही सांगावे लागत नसे. हौद बुजवून तिथे फरशी आली, भिंतीला तोट्या आल्या, त्यांच्यामागे गच्चीवरची टाकी, टाकीमागे बोअरवेल. किती उरले आहे ते आता कोणालाच दिसत नाही. एक दिवस मोटार नुसती हवा ओढू लागते तेव्हाच कळते.

ही गोष्ट फक्त मशिदीची नाही. दख्खनच्या अख्ख्या पठाराची हीच गोष्ट आहे. इथला दगड बेसाल्ट, काळा पाषाण. नदीच्या गाळासारखे भरपूर पाणी तो साठवू शकत नाही. वरच्या झिजलेल्या थरात, मुरमात आणि खडकाच्या भेगांत जे थोडे मुरते तेवढेच. विहिरी होत्या तोवर माणूस या वरच्या थरातले पाणी वापरत असे. एका चांगल्या पावसाने तो थर पुन्हा भरे. बोअरवेल पाचशे-सातशे फूट खाली गेली आणि खोल भेगांतले, वर्षानुवर्षे हळूहळू झिरपत साठलेले पाणी उपसू लागली. वरच्या थराला जी उसंत पाऊस देतो ती खालच्या थराला मिळत नाही.

चारशे वर्षांपूर्वी मलिक अंबरने खडकी वसवली (पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर), तेव्हा शहराला पाणी आणण्यासाठी त्याने डोंगराच्या पायथ्यापासून जमिनीखालून नहर खोदली, नहर-ए-अंबरी. पुढे शहरात अशा आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीला पाणी देणारी नहर त्यांपैकीच. शेजारी बुऱ्हाणपूरला अब्दुर्रहीम खानखानाच्या काळातला कुंडी भंडारा आहे, बीदरला करेज आहे. मूळ तंत्र इराणचे, तिथे त्याला कनात म्हणतात. पर्यटक पाणचक्कीचे फिरते चाक पाहून थक्क होतात, पण खरी हुशारी चाकाच्या मागे, न दिसणाऱ्या भुयारात आहे. नहर उताराने वाहते. जमिनीतले पाणी तिच्या पातळीच्या वर असेल तेवढेच तिच्यात झिरपते. पाऊस कमी झाला की नहर बारीक होते, आणि कितीही श्रीमंत अमीर असला तरी त्याला तिच्यातून जास्त ओढता येत नाही. मर्यादा यंत्रातच बांधलेली होती. पंपाने ती काढून टाकली. जिथे यंत्र मर्यादा पाळत नाही तिथे ती माणसांनी पाळावी लागते, आणि माणसांनी पाळायची म्हणजे नियम हवा, नियमाला राखणदार हवा.

नियम नाहीत असे नाही. १८८२ च्या इंग्रजी कायद्याने ज्याची जमीन त्याच्या खालचे पाणी त्याचे, ही समजूत पक्की केली. तुमच्या बोअरने शेजाऱ्याची विहीर आटली तरी तो फारसे काही करू शकत नव्हता. महाराष्ट्राने २००९ मध्ये भूजलाचा नवा कायदा केला, तो २०१४ मध्ये लागू झाला. त्यात साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधन आहे. साठ मीटर म्हणजे दोनशे फूट. मराठवाड्यात गल्लीत बोअरची गाडी आली की दोनशे फुटांना पाणी लागले तर पेढे वाटतात. बहुतेक ठिकाणी ती त्याच्या कितीतरी खाली जाते, दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत.

इथे अरबस्तानातली एक गोष्ट सांगायला हवी. ती मिलादच्या जलशात क्वचितच ऐकू येते. इस्लामपूर्व काळात टोळीचा सरदार चांगला हिरवा प्रदेश दिसला की उंचवट्यावर कुत्रा भुंकायला लावी, असे सांगतात. भुंकणे जिथवर ऐकू जाईल तिथवरचे कुरण सरदाराचे. इतरांची जनावरे त्यात शिरायची नाहीत, सरदाराची मात्र बाहेरच्या मोकळ्या रानातही चरायची. अशा राखीव कुरणाला ‘हिमा’ म्हणत. प्रेषितांनी ही खासगी मिरास रद्द केली आणि हिमा फक्त सार्वजनिक कामासाठी ठेवता येईल असे ठरवले. मदिनेजवळचे नकी हे कुरण तसे राखले गेले.

दुसरे खलीफा हजरत उमर (रजि.) यांच्या काळात हिमा वाढल्या. एका कुरणावर त्यांनी हुनय्य नावाच्या, गुलामीतून मुक्त झालेल्या माणसाला राखणदार नेमले. नेमताना त्याला दिलेल्या सूचना सहीह बुखारीत नोंदल्या आहेत. त्यांचा आशय असा: लोकांशी नरमाईने वाग, आणि ज्याच्यावर जुलूम होतो त्याच्या शापाला भी. ज्याच्याकडे दोन-चार उंट किंवा थोडी शेळ्यामेंढ्या आहेत त्याला आत येऊ दे. पण इब्ने औफ आणि इब्ने अफ्फान यांच्या कळपांपासून सावध राहा. ही दोन नावे साधी नाहीत. अब्दुर्रहमान बिन औफ आणि उस्मान बिन अफ्फान, दोघेही प्रेषितांचे निकटचे साथीदार, दोघेही दानशूर म्हणून प्रसिद्ध. हजरत उस्मान तर पुढे स्वतः खलीफा झाले. मदिनेत पाण्याची टंचाई असताना रूमाची विहीर विकत घेऊन सर्वांना खुली करणारे तेच. तरीही कुरणाच्या दारात त्यांच्या कळपांना अडवायचे. कारण उमर यांनीच दिले: या दोघांची जनावरे मेली तर त्यांना परतून जायला खजुरीच्या बागा आणि शेते आहेत, गरिबाची चार जनावरे मेली तर तो पोरेबाळे घेऊन माझ्या दारात उभा राहील, आणि त्याला सोने-चांदी देण्यापेक्षा आज गवत-पाणी देणे मला सोपे आहे.

निसर्गाविषयी एकही सुंदर वाक्य या सूचनांत नाही. गवत पवित्र आहे, पशू अल्लाहचे आहेत, असेही उमर इथे म्हणत नाहीत. ते फक्त कोणाचा कळप मोठा आहे ते पाहतात, त्याचे नाव घेतात आणि एका साध्या राखणदाराला त्याला अडवण्याचा अधिकार देतात. पर्यावरणाच्या पाठ्यपुस्तकात दृष्टिकोनाचे प्रकरण पहिले आणि या प्रश्नाचे शेवटी कुठेतरी असते. क्रम उलटा हवा होता.

१९६८ मध्ये गॅरेट हार्डिन या शास्त्रज्ञाने सामायिक कुरणाची शोकांतिका मांडली: कुरण सगळ्यांचे असेल तर प्रत्येक जण एकेक जनावर वाढवत जातो आणि शेवटी गवत संपते, म्हणून ते खासगी तरी करा किंवा सरकारच्या ताब्यात तरी द्या. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरची उदाहरणे तपासून दाखवले की तिसरी वाटही आहे. वापरणाऱ्यांनीच हद्द ठरवावी, नियम करावेत, राखणदार नेमावा, मोडणाऱ्याला आधी हलकी आणि मग कडक शिक्षा करावी. अशी कुरणे आणि कालवे शेकडो वर्षे टिकले आहेत. त्यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्यांनी अभ्यासलेल्या उदाहरणांत स्पेनमधले वॅलेन्सिया होते. तिथल्या कालव्यांची पाळेमुळे मुस्लिम राजवटीपर्यंत जातात. कालव्याला स्पॅनिशमध्ये आजही ‘असेकिया’ म्हणतात, तो शब्द अरबी ‘साकिया’वरून आला. १२३८ मध्ये शहर ख्रिस्ती राजाकडे गेले. धर्म बदलला, राजा बदलला, पण पाण्याच्या पाळ्या चालूच राहिल्या. तिथली पाणी अदालत आजही दर गुरुवारी भरते, कॅथेड्रलच्या दारात, शेतकऱ्यांनीच निवडलेल्या पंचांची. निवाडा तोंडी आणि तिथल्या तिथे.

उलट अरबस्तानातच १९५३ मध्ये शाही फर्मानाने हिमांचे जुने हक्क मोडीत निघाले. कुरणे सर्वांना खुली झाली, म्हणजे मोठ्या कळपवाल्यांना खुली झाली, आणि बरीचशी उघडीबोडकी झाली. मक्का-मदिनेच्या भूमीत हे झाले. तिथे निसर्गाविषयीच्या आयती कोणाला पाठ नव्हत्या असे थोडेच आहे!

महाराष्ट्राला हे समजायला अरबस्तानात जायची गरज नाही. सह्याद्रीतल्या देवराया हेच सांगतात. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात त्यांची नोंद केली तेव्हा जाणवले की अनेक ठिकाणी आसपासचे डोंगर बोडके झाले असताना देवराईतले झरे आणि जुनी झाडे शाबूत होती. वाळकी काटकीही उचलायची नाही, हा नियम होता आणि मोडणाऱ्याला अख्खे गाव जाब विचारी. जिथे नियम सैल झाला तिथे लहानशा घुमटीच्या जागी सिमेंटचे देऊळ आले, रस्ता आला, त्यासाठी झाडे गेली. भक्ती कमी झाली म्हणून नव्हे, उलट वाढली म्हणून. देव राहिला, राई गेली.

पाण्याच्या बाबतीत कळप कोणाचा मोठा, हे मराठवाड्यात सगळ्यांना ठाऊक आहे. इथला सरासरी पाऊस वर्षाला सातशे ते आठशे मिलिमीटर; उसाच्या एका पिकाची तहान पंधराशे ते अडीच हजार मिलिमीटर. उरलेले पाणी धरणातून नाहीतर बोअरमधून, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्यातून येते. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून दहा टाक्यांची रेल्वे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोहोचली. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या तीन लाख ब्याऐंशी हजारांवर होती. म्हणजे त्या गाडीतून माणशी सव्वा लिटर पाणी आले. मांजरा धरण कोरडे पडले होते. ज्या खोऱ्याचे हे धरण, त्याच खोऱ्यात साखर कारखान्यांची दाटी. त्या वर्षी गाडीचे कौतुक खूप झाले. कळपाचे नाव घेणारे थोडेच निघाले.

म्हणून हिवरे बाजारचे महत्त्व. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या गावात पाऊस लातूरपेक्षाही कमी. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यावर कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी झाली, हे सगळे सांगतात. त्याहून अवघड गोष्ट पुढची होती: शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाही, आणि दरवर्षी पाऊस मोजून, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून, कोणते पीक किती घ्यायचे ते ठरवायचे. ज्याच्याकडे पैसा आहे, ज्याला बोअर परवडते, त्यालाही हे लागू. (या गावात मुस्लिम कुटुंब एकच, त्यांच्यासाठी गावाने मशीद बांधली. रमजानच्या पानावर हे सांगायला हरकत नाही.)

मशिदीच्या वजूखान्यातले चार हजार लिटर उसाच्या तुलनेत किस झाड की पत्ती, असे कोणी म्हणेल तर ते आकड्याने बरोबर आहे. पण मोठ्या कळपाकडे बोट दाखवायचे तर आपल्या अंगणातला हिशेब आधी चोख लागतो. उमर यांनी कुरणाबाबत आपल्याच निकटच्या माणसांची नावे घेतली होती. आणि हा हिशेब चोख करणे फार कठीण नाही. वजूच्या पाण्यात साबण नसतो, तेल नसते. फिकहच्या दृष्टीने ते दुसऱ्या वजूला चालत नाही, पण झाडांना चालते, जमिनीत मुरवायला तर उत्तमच. काही मशिदींनी तोट्या बारीक धारेच्या बसवल्या आहेत, काहींनी वजूखान्याचे सांडपाणी गटारातून काढून शोषखड्ड्याकडे वळवले आहे. खर्च तरावीहच्या रोषणाईपेक्षा जास्त नाही. इफ्तारच्या प्लास्टिक ग्लासांबद्दल पुष्कळ लिहिले जाते, तेही बंद व्हावेत. पण ग्लास दिसतो म्हणून त्याची चर्चा होते, बोअरची पातळी दिसत नाही म्हणून राहून जाते.

ईदच्या आधी बहुतेक मशिदींत जमाखर्च वाचून दाखवला जातो: चंदा किती, वीजबिल किती, इमामसाहेबांचा पगार किती. त्याच कागदावर आणखी दोन ओळी घालता येतील. बोअरला या महिन्यात किती फुटांवर पाणी आहे, आणि मागच्या रमजानला किती फुटांवर होते. दोरीला वजन बांधून सोडले की मोजता येते. मुतवल्लींना वेळ नसेल तर मोहल्ल्यातली अकरावी-बारावीची मुले अर्ध्या तासात मोजून देतील. शेजारच्या देवळाने, गुरुद्वाऱ्याने, सोसायटीने आपापल्या बोअरचे आकडे त्याच्याशेजारी लावले तर गल्लीत कोणाची मोटार किती तास चालते, हे विचारायला नगरपालिकेची वाट पाहावी लागणार नाही.